आंबा, हार्ले आणि वडखळ नाका : जड क्रूझर मोटारसायकलींविषयी एक धागा

१/ २००७ च्या एप्रिलमध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात एक विलक्षण देवघेव झाली. अठरा वर्षे बंद असलेली अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला खुली झाली, आणि त्याच वाटाघाटींत आठशे सीसीहून मोठ्या इंजिनाच्या अमेरिकी मोटारसायकलींना भारतात येण्याची वाट मोकळी झाली. वर्तमानपत्रांनी या प्रकाराला 'आंब्याच्या बदल्यात हार्ले' असे नाव दिले. त्या आंब्यात कोकणचा हापूस होता. म्हणून या देवघेवीकडे पेणच्या बाजूने पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी समजते.

२/ नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईकडून गोव्याला निघालेले मोटारसायकलस्वारांचे जथे पेणवरून जातात. गोव्यात या काळात बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा भरतो, आणि २०१३ पासून 'इंडिया बाइक वीक'ही तिकडे भरू लागला. पहाटे रामवाडीच्या बाजूने आधी आवाज येतो, मग दिवे दिसतात. टपरीवरची मुले चहाचा ग्लास हातात घेऊन रस्त्याच्या कडेला येतात. दहा-पंधरा गाड्या जाऊन आवाज विरला, तरी बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मीही त्या मुलांत उभी राहिलेली आहे. तेव्हा पुढे जी टीका येईल ती बाहेरून आलेली नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

३/ माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकते. जड क्रूझर हे एका विशिष्ट रस्त्यासाठी घडलेले वाहन आहे. तिचे आकर्षण खोटे नाही, आणि तिचे दोष हे बहुतांशी यंत्राचे दोषही नाहीत. आपण गाडी आणली, रस्ता आणला नाही. तो रस्ता नसल्याची किंमत मात्र गाडीच्या बिलात दिसत नाही. ती मागे बसणारी, शेजारी राहणारा आणि हप्ता भरणारा असे तिघे मिळून फेडतात.

४/ आधी थोडे शब्दांविषयी. 'क्रूझर' हा मूळचा दर्यावर्दी शब्द; डच भाषेतून इंग्रजीत आला आणि समुद्रावर लांब पल्ल्याची गस्त घालणाऱ्या युद्धनौकेला चिकटला. आपल्याकडचा शब्द अधिक प्रामाणिक आहे : फटफटी. त्यात वाहनाचा रुबाब नाही, गस्त नाही. जे कानावर पडले तेच नाव झाले. दिल्लीत तर दुसऱ्या महायुद्धानंतर निकालात निघालेल्या अमेरिकी लष्करी मोटारसायकलींना मागे तिसरे चाक आणि बाकडी जोडून सवारी वाहणाऱ्या 'फटफटी' तयार झाल्या, आणि चांदणी चौकात त्या १९९८ पर्यंत धावत होत्या. म्हणजे हार्ले भारतात पहिल्यांदा २०१० साली आली असे जे सांगतात, त्यांना हे सांगावे की ती आधी येऊन, माणसे वाहून, म्हातारी होऊन गेली होती. तेव्हा तिच्यात कोणाला राजेपणा दिसला नव्हता.

५/ आता मूळ रस्त्याकडे. हार्ले-डेव्हिडसन १९०३ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात तिने दोस्त सैन्यासाठी नव्वद हजारांच्या आसपास लष्करी मोटारसायकली बनवल्या. युद्ध संपल्यावर निकालात निघालेल्या या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांपैकी अनेकांना शांततेतले जीवन अळणी वाटत होते. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड जाळे विणायला घेतले गेले : सरळ, रुंद, मध्ये गाव नाही, गुरे नाहीत, शेकडो मैल वळण नाही.

६/ अशा रस्त्यावर माणसाला काय हवे? वेगाने वळता येणे नको, कारण वळणच नाही. झटकन थांबता येणे हीही तिथे रोजची गरज नव्हे. हवी ती बैठक. म्हणून आसन खाली, हँडल उंच आणि मागे ओढलेले, पाय पुढे पसरलेले, पुढचे चाक लांब टाकलेले. दोन चाकांतील अंतर जितके जास्त तितकी गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, आणि वजन जितके जास्त तितका वारा तिला कमी हलवतो. आराम आणि जडत्व यांचा हा मेळ त्या भूगोलाला चोख उत्तर होता. घाटमाथ्यावरच्या घराला उतरते छप्पर असते, मारवाडातल्या घराला सपाट; त्यात जितका शहाणपणा आहे तितकाच यात आहे.

७/ आवाजाचे शास्त्रही सांगण्यासारखे आहे. हार्लेच्या इंजिनात दोन सिलिंडर पंचेचाळीस अंशांच्या कोनात असतात आणि दोघांचे दांडे क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले असतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत : एकदा ३१५ अंशांनी, एकदा ४०५ अंशांनी. एक ठोका लवकर, पुढचा जरा रेंगाळून. लंगडत चालणारा घोडा मनात आणावा. या लंगडेपणाची कंपनीला एवढी किंमत वाटली, की १९९४ मध्ये तिने आवाजच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला. २००० साली तो मागे घेतला.

८/ आपल्याकडची जड मोटारसायकल मात्र अमेरिकेतून आली नाही. ती इंग्लंडमधून आली, आणि तीही महामार्गासाठी आली नाही, सीमेसाठी आली. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय लष्कराने गस्तीसाठी रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी बुलेटची मागणी नोंदवली, आकडा आठशे. पुढे १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना निघाला. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बुडाली, आणि मद्रासची बुलेट चालूच राहिली. आई गेली आणि दत्तक दिलेले मूल त्याच नावाने नांदू लागले, असा हा प्रकार.

९/ त्यामुळे बुलेटला आपल्या समाजात जो अर्थ चिकटला तो 'मुक्त भटक्या'चा नव्हता. तो सत्तेचा होता. फौजदार, लष्करातून निवृत्त झालेला सुभेदार, सरपंच, साखर कारखान्याचा संचालक, तालमीचा वस्ताद. बुलेट गावात शिरली की ओट्यावरचे लोक आवाज ओळखून सावरून बसत. अमेरिकेत जड मोटारसायकल ही कायद्याला वाकुल्या दाखवणाऱ्याची झाली, आणि आपल्याकडे कायदा राबवणाऱ्याची. एकच वजन, दोन समाजांत दोन अर्थ. आज पेणचा तरुण ती विकत घेतो तेव्हा त्याला दोन्ही अर्थ एकाच किमतीत हवे असतात, असे मला वाटते.

१०/ जुन्या बुलेटची किक हा एक स्वतंत्र संस्कार होता. ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलजवळचे डीकॉम्प्रेशनचे लिव्हर दाबायचे, किक हळूच खाली न्यायची, वर येऊ द्यायची, मग अंगाचा भार टाकायचा. चुकले तर किक उलटी येऊन घोटा सुजवत असे. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. म्हणजे दुसऱ्या गाडीवर शिकलेला माणूस तिच्यावर अडाणीच. चालवणाऱ्यांची एक जातच तयार झाली. कठीण असणे हे दोषाच्या रकान्यात लिहायचे की गुणाच्या, हे आजही ठरत नाही. काकांना विचाराल तर गुणाच्या. काकूंना विचाराल तर त्यांच्याकडे सुजलेल्या घोट्याला शेक दिल्याच्या आठवणी आहेत.

११/ मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ ची हीरो होंडा सीडी १०० ही त्यांतली सर्वांत दूरगामी. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, एका किकला सुरू होणारी. कोकणातल्या शिक्षकाला, पोस्टमनला, मासळीवाल्याला तिने जे दिले ते कोणत्याही क्रूझरने दिले नाही : रोज पोचण्याची खात्री. बुलेटचा धंदा एवढा बसला की शतक संपताना कारखाना बंद होतो की काय, अशी वेळ आली. ती तोवर आयशर समूहाच्या हाती आली होती, आणि वाचली ती रोजच्या वाहनाऐवजी 'हौसेचे वाहन' म्हणून नव्याने उभी राहिल्यावर.

१२/ अमेरिकी घाटाची क्रूझर सामान्य भारतीयाच्या आवाक्यात आणण्याचा प्रयत्न आपल्या पुण्यात झाला, हे बहुतेक विसरले आहेत. २००१ मध्ये बजाजने कावासाकीच्या सहकार्याने 'एलिमिनेटर' आणली. १७५ सीसी, खाली बैठक, लांब चाकमध्य. पुढे २००५ मध्ये तिचीच उत्तराधिकारी 'ॲव्हेंजर' आली. वजन बेताचे, किंमत बेताची. या गाडीला मोटारसायकलींच्या इतिहासात फार मान मिळत नाही. मला मात्र ती सगळ्यांत समजूतदार वाटते. तिने बैठक घेतली आणि वजन बरेचसे सोडून दिले.

१३/ आता परत आंब्याकडे. सौदा झाला म्हणजे आंबा पेटीत भरला आणि विमानात चढवला, असे झाले नाही. फळातील किडीचा धोका टाळण्यासाठी किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करण्याची अट होती. ती सोय तेव्हा कोकणात नव्हती. ती होती नाशिक जिल्ह्यातील लासलगावला, जिथे २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने मुख्यतः कांद्यासाठी केंद्र उभारले होते. म्हणजे कोकणचा हापूस आधी घाट चढून कांद्याच्या गावी जायचा आणि मग मुंबईच्या विमानतळावर परत यायचा. शिवाय अमेरिकी निरीक्षक जागेवर हजर लागे. कोविडच्या दोन वर्षांत तो येऊ शकला नाही, तर निर्यात थांबली.

१४/ आणि हार्ले? तीही लगेच आली नाही. सौद्याने उत्सर्जनाच्या निकषांची अडचण दूर केली होती, पण साठ टक्के आयात शुल्क तसेच होते. कंपनीने भारतात येण्याची घोषणा २००९ मध्ये केली, दुकाने २०१० मध्ये उघडली आणि २०११ पासून हरियाणातील बावल येथे सुटे भाग आणून जुळणी सुरू केली. २०१३ च्या अर्थसंकल्पात आठशे सीसीवरील आयात गाड्यांचे शुल्क पंचाहत्तर टक्क्यांवर गेले; २०१८ मध्ये पन्नासवर आले. ट्रम्प यांनी त्यावरही जाहीर नापसंती दाखवली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये हार्लेने भारतातील स्वतःचे उत्पादन आणि विक्री गुंडाळली. पुढच्याच महिन्यात हीरोशी करार करून विक्री हीरोकडे सोपवली.

१५/ येथे एक जुनी नोंद काढून दाखवावीशी वाटते. १९८३ मध्ये जपानी गाड्यांपुढे हार्ले कोसळत असताना अमेरिकी सरकारने ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटारसायकलींवरचे शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेले. जपानी कारखान्यांनी यावर तोडगा काढला : इंजिने ६९९ सीसीची केली. म्हणजे ज्या शुल्काविषयी भारताला बोल लावला गेला, जवळपास तेवढ्याच शुल्काच्या आडोशाला एके काळी हार्ले वाचली होती. मुक्त रस्त्याचे प्रतीक म्हणून मिरवणारे हे वाहन सरकारी संरक्षणाचे अपत्य आहे. माझा यावर आक्षेप नाही, फक्त प्रतीकाला ते ठाऊक असावे.

१६/ आपल्या सरकारनेही वजनाची रेषा अशीच आखली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर अठरा टक्के, त्यावरच्यांवर चाळीस. पूर्वी सगळ्यांवर अठ्ठावीस होता आणि ३५० च्या वर तीन टक्के उपकर. म्हणजे ३४९ सीसीची गाडी प्रजेची आणि ६४८ सीसीची चैनीची, असे राजपत्राने ठरवले. याचा परिणाम उलटाही होतो. ज्या वस्तूवर राज्यसंस्था 'चैन' असा शिक्का मारते, तिची हाव वाढते. आमच्या घरात ती वाढलेली मी पाहिली.

१७/ माझ्या चुलतभावाने, दादाने, गेल्या वर्षी सुपर मेटिऑर ६५० घेतली. तो एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. हप्ता महिन्याला नऊ हजारांच्या घरात. दिवाळीत आम्ही दोघे तिच्यावरून रोह्याला आत्याकडे फराळ पोचवायला गेलो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर. जाताना मी मागे, येताना हँडल माझ्या हाती. या एका फेरीत मला जे कळले ते मी कुठल्या परीक्षणात वाचले नव्हते.

१८/ आधी गुण. मी उंच नाही. बहुतेक मोठ्या गाड्यांवर माझ्या पायांची बोटेच कशीबशी टेकतात. या गाडीचे आसन जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आहे. बसले आणि दोन्ही तळवे सपाट टेकले. बाईमाणसाला, बुटक्या माणसाला 'ही तुझी गाडी नाही' असे जी गाडी पहिल्या क्षणी सांगत नाही, तिचे उपकार मानावेत. मग भिसे खिंडीकडून नागोठण्याला परतताना रस्ता काही काळ मोकळा मिळाला. ऊन उतरलेले, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात. साठचा वेग, इंजिन सावकाश धडधडत होते, आणि मला कोठेही लवकर पोचायचे नव्हते. घाई न वाटणे हे सुख आमच्या पिढीला क्वचित मिळते. त्या वीस मिनिटांसाठी लोक लाखो रुपये मोजतात याचे मला त्यानंतर हसू येत नाही.

१९/ पण ती वीस मिनिटे होती. उरलेला रस्ता मुंबई-गोवा महामार्ग होता. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल शाळा संपवून बाहेर पडले, आणि आम्ही अजून वळणरस्त्यांच्या पाट्या वाचतो आहोत. खडी, अर्धवट काँक्रीट, दोन थरांतली हातभर पायरी, आणि त्यात डोलवीकडचे अवजड ट्रक.

२०/ या गाडीचे पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटरवर आहे. वडिलांच्या शंभर सीसीच्या गाडीचे १६५. म्हणजे ज्या गतिरोधकावरून बाबा न पाहता जातात, तिथे दादा गाडी तिरकी घालतो आणि श्वास रोखतो. पाय पुढे पसरलेले असल्यामुळे खड्ड्यावर उभे राहून धक्का गुडघ्यांत घेता येत नाही. तो सरळ कण्यात जातो. अमेरिकी रस्त्यावर जो आराम होता तोच इथे शिक्षा होतो. बैठक तीच आहे.

२१/ वडखळ नाक्यावर वाहने तुंबली होती. पुढे अलिबागची रांग, मागे कंटेनर. दुपारची उष्णता खालून, इंजिनाची बाजूने. (मोठ्या हार्लेंपैकी काहींत उभे असताना मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय आहे, कारण तो चालकाच्या मांडीला भाजतो. उपाय असा करावा लागतो यावरूनच दुखणे कळावे.) तिथे कडेच्या खडीत माझा पाय सरकला आणि गाडी कलली. २४१ किलो. कलू लागलेले वजन हाताने थोपवता येत नाही. ते खाली जाताना आपण फक्त बाजूला व्हायचे असते. दोन ट्रकचालकांनी उतरून ती उभी करून दिली. त्यांपैकी एकाने जाता जाता म्हटले, "ताई, घोडा घ्यायचा तर आपल्या मापाचा घ्यावा." मी रागावले नाही. वाक्य पाठ झाले आहे.

२२/ हार्लेची फॅट बॉय तर ३१७ किलोंची आहे, आणि तीही इथल्या रस्त्यांवर विकली गेली. हलक्या गाडीची चूक पायाने सावरते. जड गाडीची चूक गाडीच ठरवते कोठे संपवायची. नवशिक्या तरुणांच्या बाबतीत हा मुद्दा वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे. जड क्रूझरवाले फार वेगाने जात नाहीत, हे खरे. पण वडखळला गाडी पडली तेव्हा आमचा वेग शून्य होता.

२३/ आता मागच्या आसनाविषयी, कारण त्याविषयी परीक्षणे गप्प असतात. रोह्यात पोचल्यावर आत्या म्हणाली, "आलाच आहात तर मला धावीर महाराजांच्या देवळापर्यंत सोड." नऊवारी नाही, साधी सहावारी. तिने गाडीभोवती एक फेरी घातली आणि विचारले, "एवढी थोरली गाडी, आणि माझी जागा कुठली रे?" दादाने बोट दाखवले. आत्याने त्या जागेकडे पाहिले, मग शेजारच्या मुलीची स्कूटर मागवली.

२४/ आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम असा आहे की मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे. लोक त्याला साडीगार्ड म्हणतात. दुकानातून गाडी बाहेर पडताच हौशी माणूस ते आधी काढून टाकतो, कारण त्याने 'लूक' बिघडतो. पदर चाकात जाऊन झालेल्या अपघातांतून शिकून आलेली ही पट्टी आहे. गाडीच्या चित्रातून बाईला काढल्याशिवाय ते चित्र पूर्ण होत नाही, असे काहीतरी या सौंदर्यकल्पनेत आहे. क्रूझरचा मूळ स्वार एकटा होता. आपल्याकडे मोटारसायकल हे कुटुंबाचे वाहन आहे. 'डबलसीट' हा शब्द मराठीने उगीच घडवलेला नाही.

२५/ शेजाऱ्याविषयी थोडक्यात. मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखा वाजणारा बसवणे हा गुन्हा आहे, आणि अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर पसरून त्यांवरून रोलर फिरवलेला आहे. पेणमध्ये भाद्रपदाच्या आधीचे महिने मूर्तिकारांच्या कारखान्यांत रात्र रात्र रेखणी चालते. डोळे रंगवणारा हात आवाजाने दचकला तर काय होते, हे हमरापूर-जोहे भागात कोणालाही विचारावे. येथे मात्र दोष गाडीचा नाही, माणसाचा आहे. मूळ सायलेन्सरसह या नव्या गाड्या बऱ्याच शांत आहेत.

२६/ 'मग हौस करायचीच नाही का?' असा प्रश्न या धाग्याखाली येणार, हे मला ठाऊक आहे. करावी. फावल्या वेळाचे सुख ही केवळ मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांची मालमत्ता नव्हे. कंत्राटी कामगाराच्या मुलालाही ते हवेसे वाटणे यात चूक नाही. माझी तक्रार वजनाला प्रतिष्ठा मानण्याविषयी आहे. धडधड, खाली बैठक, सावकाश वेग हे सगळे ३५० सीसीच्या आत मिळते, पन्नासेक किलो कमी वजनात आणि आता अर्ध्याहून कमी करात. मेटिऑर ३५० चे पोट १७० मिलिमीटरवर आहे. गतिरोधक तिला अडवत नाही. जी गोष्ट त्यात मिळत नाही ती एकच : टपरीवरच्या मुलांचे गप्प होणे. त्या गप्प होण्याला फरकाच्या रकमेइतकी किंमत आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला नाही वाटत.

२७/ इतिहासाने या प्रश्नावर एक उत्तर दिलेच आहे, आणि ते हार्लेच्या तोंडून. २०२३ च्या जुलैमध्ये हीरोने हार्लेच्या नावाची 'एक्स ४४०' भारतात आणली. दोनऐवजी एक सिलिंडर, वजन १९० किलोंच्या आसपास, घडण भारतात. सौद्यापासून सोळा वर्षे लागली, पण मिलवॉकी शेवटी आपल्या मापाला आली. फक्त कराची रेषा ३५० वर असल्यामुळे ती अजून 'चैनी'तच मोडते.

२८/ आणि अजस्र गाड्यांची बाजूही सरकारने सोडलेली नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीहून मोठ्या, पूर्ण बांधणीच्या आयात मोटारसायकलींवरचे मूळ शुल्क पन्नासवरून तीस टक्क्यांवर आणले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा कागदपत्रांतील त्रुटींचे कारण देऊन अमेरिकेने नाकारल्या. परत आणण्यापेक्षा तिथेच नष्ट करणे निर्यातदारांना परवडले. या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे असे मी म्हणत नाही. देवघेवीच्या वहीत मात्र दोन्ही नोंदी एकाच पानावर येतात.

२९/ दादाची गाडी जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली होती. कामावर तो बाबांच्या शंभर सीसीवर जात होता, आणि हप्ता चालूच होता. मध्यंतरी त्याने विचारले, 'विकून टाकू का?' मी म्हटले, नको. घेतली आहेस तर ठेव, पण साडीगार्ड परत बसव, आणि थंडीत पहाटे, ट्रक सुरू होण्याआधी, खिंडीकडे जाऊन येत जा. त्याच्या धाकट्या भावाला मात्र तीच हवी आहे, आणि त्याला मी ३५० घ्यायला सांगते आहे. अजून तो ऐकत नाही. रविवारी पुन्हा बसणार आहोत. आत्यालाही बोलावले आहे.